खाडीत वल्ह्याची होडी चालवण्याची रीत

कोकणातील खाड्यांवर एकामागून एक पूल झाले, मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसली आणि तरीवरची, म्हणजे खाडी ओलांडण्याच्या ठिकाणची, वाहतूकही बहुतेक ठिकाणी लाँच किंवा फेरीबोटीकडे गेली. तरीही खाडीकाठच्या गावांत वल्ह्याची लहान होडी अजून दिसते, आणि ती कोणी हौसेपोटी ठेवलेली नसते. गुडघाभर पाण्यातून जायचे असेल, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडीत शिरायचे असेल, लावलेली जाळी पाहून यायची असतील किंवा खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या होडीपर्यंत माणसे आणि सामान पोचवायचे असेल, तर तिथे इंजिनापेक्षा वल्हे बरे पडते. इंजिनाचा पंखा चिखलात रुततो, जाळ्यात गुंततो, आणि एवढ्याशा अंतरासाठी जाळलेले इंधन परवडतही नाही.

पुढील मार्गदर्शन दहा ते चौदा फूट लांबीच्या, एका माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायच्या होडीविषयी आहे. ज्यांना पोहता येते, पण होडी स्वतः चालवण्याची सवय नाही, अशा वाचकांसाठी ते लिहिले आहे. वल्ह्याचा हात चार-दोन दिवसांत बसतो. पाण्याची वेळ ओळखण्याला त्याहून बराच जास्त काळ लागतो, आणि खाडीत माणूस अडचणीत येतो तो बहुधा वेळ चुकल्यामुळे. म्हणून वल्ह्याला हात घालण्यापूर्वी पाण्याकडे पाहू.

पाण्याची वेळ

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही पंधराव्या तिथी धराव्यात. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो, शिवाय खाडीच्या तोंडाशी भरती पूर्ण झाली तरी आतल्या गावांत ती उशिरा पोचते. तेव्हा मुख्य आधार भरती-ओहोटीच्या छापील किंवा मोबाइलवरील तक्त्याचा घ्यावा, तिथीचा हिशेब पडताळ्यासाठी ठेवावा, आणि आपल्या धक्क्यावर तक्त्यापेक्षा किती मिनिटे उशीर होतो हे गावातील जाणत्या माणसाला विचारून घ्यावे.

वेळेइतकाच पाण्याचा जोर महत्त्वाचा असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे तो सर्वांत लहान. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, तर तळकोकणात तो साधारण दोन-अडीच मीटर राहतो. हे पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत किंवा उतरत नाही. पहिल्या तासात ते अगदी थोडे हलते, मधल्या दोन तासांत एकूण पाण्यापैकी निम्मे पाणी ये-जा करते आणि शेवटच्या तासात ते पुन्हा मंदावते. उधाणाच्या दिवशी या मधल्या दोन तासांत खाडीच्या अरुंद भागातला प्रवाह ताशी चार-पाच किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. धडधाकट माणूस लहान होडी न थकता वल्हवतो ती गती साधारण एवढीच असते. म्हणजे ओहोटीच्या भरात प्रवाहाविरुद्ध निघालेला माणूस तासभर घाम गाळूनही त्याच झाडासमोर असतो.

यावरून नवख्यासाठी नियम निघतो तो हा: भांगाचे दिवस निवडावेत, भरती पूर्ण होण्यापूर्वी दोन तास निघावे, भरतीबरोबर खाडीच्या आत जावे आणि ओहोटीचा जोर धरण्यापूर्वी तिच्या पहिल्या तासात परतावे. अशा वेळी चिखलाचे पट्टे पाण्याखाली असतात, आणि जाताना चुकून वल्हे हातचे गेलेच तरी पाणी होडीला समुद्राकडे नेण्याऐवजी आत नेते. ओहोटीच्या उत्तरार्धात निघणारा माणूस हे दोन्ही फायदे गमावून बसतो.

वाऱ्याचाही दिवसाचा क्रम असतो. पावसाळा सोडला तर पहाटे जमिनीकडून मतलई वारा मंद वाहतो, सूर्य वर आल्यावर तो पडतो आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो. खारा वारा आत येत असताना ओहोटीचे पाणी बाहेर जात असेल, तर दोहोंच्या टकरीने खाडीच्या तोंडाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात; काठावरून त्या किरकोळ वाटतात, पण लहान होडीत पाणी घेतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर तिथे लाटा फुटतात, आणि वल्ह्याची होडी घेऊन तो दांडा ओलांडण्याचा मोह नवख्याने कोणत्याही ऋतूत धरू नये.

होडी आणि वल्ही

होडी विकत घेताना किंवा भाड्याने घेताना तिचा रंग पाहण्याऐवजी ती कोरडी आहे का ते पाहावे. तळाच्या फळ्या उचलून खाली किती पाणी आहे ते बघावे, सांध्यांवरून बोट फिरवावे, आणि लाकडाची होडी असेल तर पाणरेषेच्या आसपास चाकूचे टोक हलकेच टोचून लाकूड मऊ पडले आहे का याची खात्री करावी. फायबरची होडी फुटत नाही असा समज आहे. ती फुटते, आणि पाण्याने भरली तर लाकडासारखी तरंगतही नाही, म्हणून तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, आणि पिछाडीत फोम किंवा हवाबंद कप्पे असलेच पाहिजेत. उलांडी, म्हणजे बाजूला आधारासाठी बांधलेले तरंगते लाकूड, लावलेली होडी आडवी होण्याचे भय कमी असते, तथापि तिवरांच्या अरुंद वाटेत उलांडी अडकते. उघड्या पाण्यात मासेमारी करायची असेल तर उलांडी घ्यावी, झाडीत शिरायचे असेल तर साधी रुंद होडी बरी.

वल्ह्यांच्या लांबीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि हात दुखण्याचे निम्मे कारण तिथेच असते. वल्हे खुंट्यावर, म्हणजे होडीच्या काठावर ते टेकवायच्या खुंटीवर, ठेवल्यावर त्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहून किंचित जास्त भाग आत, उरलेला बाहेर असावा. दोन खुंट्यांमध्ये चार फुटांचे अंतर असलेल्या होडीला साधारण साडेसात ते आठ फुटांची वल्ही लागतात. याहून आखूड वल्ह्यांनी होडी चालते, पण फटके जास्त मारावे लागतात. लांब वल्ह्यांनी वजन हातावर येते. बसायच्या फळीच्या पिछाडीकडील कडेपासून खुंटा सुमारे एक फूट पिछाडीकडे आणि बसण्याच्या पातळीपासून सात-आठ इंच उंच असावा. खुंटा फार खाली असेल तर वल्हे मागे नेताना मुठी मांड्यांवर आपटतात.

वल्हे ज्या जागी खुंट्यावर घासते तिथे लाकूड खचते. त्या जागी वीतभर रुंदीचा काथ्याच्या बारीक दोरीचा घट्ट वेढा किंवा चामड्याची पट्टी बसवावी आणि तिला अधूनमधून खोबरेल तेल लावावे. खुंट्याला वल्हे अडकवणारे दोरीचे कडे दर वेळी बोटांनी दाबून पाहावे: बाहेरून धड दिसणारी दोरी आतल्या बाजूने, जिथे ती लाकडाला घासते तिथे, तंतूतंतू झालेली असते आणि नेमकी जोराच्या फटक्याला तुटते. म्हणून एक जादा कडे आणि हातभर दोरी होडीत ठेवावी. शिवाय एक जादा वल्हे किंवा किमान एक मजबूत बांबू, पाणी उपसण्यासाठी दोरीने बांधलेला डबा, नांगर आणि त्याची दोरी, शिटी, पिण्याचे पाणी आणि प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट, एवढे सामान अर्ध्या तासाच्या फेरीलाही घ्यावे. डबा दोरीने बांधायचा तो अशासाठी, की होडी भरू लागली की सुटा डबा सर्वांत आधी वाहून जातो.

चढणे आणि बसणे

होडीत उडी मारून चढू नये, आणि काठावर पाय देऊन तर मुळीच नाही. धक्क्याशी होडी आडवी लावून एका हाताने धक्का धरावा, दुसऱ्या हाताने होडीचा जवळचा काठ धरावा, वाकून पाय बरोबर मध्यरेषेवर टेकवावा आणि लगेच बसावे. दुसरा माणूस पहिला बसल्यावरच चढेल. चिखलाच्या किनाऱ्यावरून निघताना नाळ पाण्याकडे करून, पिछाडीकडून चढणे सोयीचे असते.

वल्हवणारा मध्यभागी पिछाडीकडे तोंड करून बसतो, म्हणजे ज्या दिशेला जायचे तिकडे त्याची पाठ असते. प्रवासी एकच असेल तर त्याला पिछाडीला बसवावे. दोन असतील तर एक पुढे, एक मागे. सामान तळाशी आणि मध्याजवळ ठेवावे. नाळ पाण्यात खुपसली गेली तर होडी सरळ राहत नाही आणि पिछाडी बसली तर वाऱ्याने नाळ फिरते. थोडीशी पिछाडी जड असलेली होडी सर्वांत शहाण्यासारखी वागते.

पाय टेकायला तळाला आडवी पट्टी हवीच. ती नसेल तर ठोकून घ्यावी, कारण पुढे सांगितलेले सगळे त्या पट्टीवर अवलंबून आहे.

वल्हवण्याचा हात

नवखा माणूस दंडाच्या जोरावर ओढतो आणि पंधरा मिनिटांत थकतो. जोर पायांतून यायला हवा. गुडघे किंचित वाकलेले ठेवून, पाठ सरळ राखून कमरेतून पुढे झुकावे आणि हात पूर्ण लांब करावेत. पाती त्या वेळी मागे, म्हणजे नाळेकडे गेलेली असतात. ती उभी धरून पाण्यात सोडावीत, दाबू नयेत. पाते पाण्याखाली जेमतेम झाकले की पुरे. मग पायांनी पट्टी रेटत अंग मागे न्यावे, या वेळेपर्यंत हात दोरीसारखे सरळच राहू द्यावेत, आणि अंग उभ्या रेषेच्या थोडे मागे गेल्यावर शेवटी कोपर वाकवून मुठी बरगड्यांपर्यंत आणाव्यात. तिथे मुठी खाली दाबल्या की पाती पाण्याबाहेर येतात. मनगट हलकेच वाकवून पाती पाण्याशी समांतर करावीत, म्हणजे परत नेताना ती वाऱ्याला अडत नाहीत, आणि पुढच्या फटक्यापूर्वी पुन्हा उभी करावीत. मनगटाची ही हालचाल पहिल्या दिवशी जमली नाही तरी बिघडत नाही. फटका जमल्यावर ती शिकावी.

परत जाताना घाई करू नये. होडीची धाव फटक्यानंतरच्या विसाव्यात असते, आणि जो हा विसावा घेत नाही तो होडीला दर वेळी नव्याने हलवत बसतो. सुरुवातीला मिनिटाला वीस-बावीस फटके पुरेत.

आपला हात कसा पडतो हे पाणीच दाखवते. प्रत्येक फटक्यानंतर पाते उचलले जाते तिथे पाण्यावर एक लहानसा भोवरा उरतो, आणि होडी पुढे गेली की असे दोन भोवरे, डाव्या-उजव्या अंगाला, पिछाडीकडे सरकताना समोर दिसतात. दोन्ही सारखेच खोल आणि स्वच्छ फिरत असतील तर ओढ समान आहे. एक भोवरा मोठा आणि दुसरा नुसता फेसाळ असेल तर फेसाळ बाजूचे पाते उथळ जात आहे किंवा तिरपे शिरत आहे. एका जोडीपासून पुढच्या जोडीचे अंतर वाढत जाणे म्हणजे हात सुधारणे. पाते तिरपे शिरले तर ते खोल ओढले जाते आणि मूठ छातीवर येऊन आदळते. अशा वेळी वल्ह्याशी झटू नये, मूठ सोडून द्यावी, होडीची धाव थांबू द्यावी आणि मग वल्हे सोडवून घ्यावे.

खेळातल्या नौकानयनात बसायची पाटी रुळावर सरकते आणि खुंटे होडीबाहेर लांब काढलेले असतात, तेही पायांचा जोर पुरेपूर वापरता यावा म्हणूनच. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या कोरडवाहू गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेराव्या क्रमांकावर आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक विजेत्या संघात होते. खाडीकाठी जन्मलेल्यांनाच वल्हे जमते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

वळणे, थांबणे, दिशा राखणे

पाठमोरे बसल्यामुळे डावे-उजवे गोंधळते. त्यावर उपाय असा, की नाळेचा विचार सोडून समोर दिसणाऱ्या पिछाडीचा विचार करावा: ज्या हाताने जास्त ओढाल त्या हाताकडे पिछाडी सरकते. जागच्या जागी वळायचे असेल तर एक वल्हे ओढावे आणि दुसरे उलट ढकलावे. थांबायचे असेल तर दोन्ही पाती आधी तिरपी पाण्यात धरावीत आणि वेग उतरल्यावर उभी करावीत. भर वेगात एकदम उभी केली तर खुंटा उखडतो किंवा दांडा मोडतो. ढकलून मागे जाणे, म्हणजे पिछाडी पुढे करून हळूहळू सरकणे, हेही मुद्दाम शिकावे, कारण झाडीत, धक्क्याशी आणि जाळ्याजवळ तेच कामी येते आणि त्या वेळी तोंडही जाण्याच्या दिशेला असते.

सरळ जाण्यासाठी समोरच्या, म्हणजे सोडून आलेल्या, काठावर एकामागे एक असलेल्या दोन खुणा निवडाव्यात: काठावरचा एखादा वाकडा माड आणि त्याच्या बरोबर मागे डोंगरावरचे देऊळ, अशा. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर होडी रेषेवर आहे. माड देवळाच्या डावीकडे सरकला तर होडी आपल्या उजव्या हाताकडे वाहवली आहे असे समजावे आणि उजव्या वल्ह्यावर जोर वाढवावा. पाच-सहा फटक्यांनंतर एकदा, आळीपाळीने दोन्ही खांद्यांवरून, मागे वळून पाहणे मात्र चुकवू नये; खुणा रेषा दाखवतात, वाटेतला खांब किंवा समोरून येणारी लाँच दाखवत नाहीत.

खाडी ओलांडताना प्रवाहाचा हिशेब करावा लागतो. समजा, पात्र ४०० मीटर रुंद आहे, आपली गती ताशी ४ किलोमीटर आहे आणि प्रवाह ताशी २ किलोमीटरचा आहे. नाळ समोरच्या काठाकडे सरळ ठेवली तर सहा मिनिटांत पलीकडे पोचाल, पण तोवर होडी २०० मीटर खाली गेलेली असेल आणि तेवढे अंतर काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध परत यावे लागेल. त्याऐवजी नाळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे ३० अंशांनी तिरपी धरली तर होडी वेडीवाकडी दिसत असली तरी थेट समोर जाते आणि वेळ फक्त मिनिटभर जास्त लागतो. प्रवाह आपल्या गतीइतकाच असेल तर तिरपेपणाचा उपयोग होत नाही. तेव्हा काठावर बसून पाणी मंदावण्याची वाट पाहावी. प्रवाहाविरुद्ध जायचेच असेल तर मध्य सोडून काठाजवळून, वळणाच्या आतल्या अंगाने जावे, कारण तिथे पाणी संथ असते.

कोणत्या कामाला कशी वापरावी

जाळ्यांचे काम करताना होडीत दोघे असावेत. एक वल्ह्यावर, दुसरा जाळ्यावर, आणि वल्ह्यावरच्या माणसाने जाळे ओढण्याच्या मोहात पडू नये. लावलेल्या जाळ्याकडे नेहमी प्रवाहाच्या खालच्या अंगाने जावे, म्हणजे हात सुटला तरी होडी जाळ्यापासून दूर जाते. वरच्या अंगाने गेल्यास पाणी होडीला जाळ्यावर ढकलते आणि वल्ही त्यात गुंततात. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकणारा नाळेशी उभा राहतो, तेव्हा वल्हवणाऱ्याने होडी हळूच ढकलत नेऊन स्थिर धरायची आणि फेकण्याच्या क्षणी वल्ही पाण्यातच दाबून ठेवायची, कारण फेकीच्या झटक्याने होडी कलते. दोघांनी एकाच काठाकडे झुकणे हा होडी उलटण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रातील मासेमारीची बंदी असते. पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. परंतु कायद्याने मोकळीक दिली म्हणून समुद्र मोकळीक देतो असे नाही, आणि या दोन महिन्यांत वल्ह्याच्या होडीने खाडीच्या आतल्या पाण्यातच राहावे.

कांदळवन, म्हणजे तिवरांची झाडी, पाहण्यासाठी या होडीइतके योग्य वाहन दुसरे नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होड्यांतून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात, आणि तिथे वल्ह्याचा फायदा लगेच कळतो: आवाज नसल्यामुळे खंड्या किंवा ढोकरी होडी अगदी जवळ येईपर्यंत जागा सोडत नाही. अशा सफरीसाठी भरतीच्या शेवटच्या दीड तासात आत शिरावे. तिवरांभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी आलेली श्वसनमुळे असतात. त्यांच्यावर होडी घालू नये आणि वल्हे रोवून रेटूही नये, झाडाचे नुकसान होते आणि पात्याच्या कडाही फुटतात. अरुंद वाटेत वल्ही आत घेऊन बांबूने रेटत जावे. बांबू चिखलात रुतला तर तो सोडून द्यावा, होडी सोडू नये. बांबूला लटकून राहिलेल्या माणसाच्या पायाखालून होडी निघून जाते हे खाडीकाठी प्रत्येक पिढीला एकदा तरी पाहायला मिळते.

ओहोटीत होडी चिखलावर बसलीच तर उतरून ढकलण्याचा प्रयत्न करू नये. वरून घट्ट दिसणाऱ्या गाळात पाय मांडीपर्यंत जातो, उपसताना दुसरा जातो, आणि कालवांच्या धारदार कवचांनी तळवे कापतात. होडीतच बसावे, उन्हापासून डोके झाकावे आणि पाणी परत येण्याची वाट पाहावी.

प्रवासी नेण्याच्या कामात गणित एकच आहे, किती माणसे. लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकाराला १५ ने भागावे. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडीत तीन माणसे, वल्हवणारा धरून. हा शांत पाण्याचा आकडा आहे. लाट असेल तर एक माणूस कमी करावा, आणि भरल्या होडीचा काठ पाण्यापासून किमान एक फूट वर राहतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. घाबरलेली माणसे होडीकडे धावतात तेव्हा नाही म्हणण्याचे काम वल्हवणाऱ्यालाच करावे लागते, आणि ते होडी काठापासून थोडी दूर ठेवून, एकेकाला बोलावून करणे सोपे जाते. पुराच्या पाण्यात तारा, कुंपणे आणि विजेचे खांब पाण्याखाली असतात, त्यामुळे तिथे नवख्याने जाऊच नये. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर बंदर कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत चौकशी करून आवश्यक ती नोंद व परवाना आधी घ्यावा.

पाणी भरले, होडी उलटली तर

होडीत चार बोटे पाणी साचले तरी लोक बोलत बसतात. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ३०० किलो वजन, आणि हे वजन एका जागी बसत नाही. होडी ज्या अंगाला कलते त्याच अंगाला ते धावते. म्हणून पाणी तळफळीपर्यंत येण्याआधीच उपसावे. मोठ्या लाँचची लाट येताना दिसली तर नाळ तिच्याकडे किंचित तिरपी करावी आणि वल्ही पाण्यात पसरून धरावीत. आडव्या अंगावर ती घेऊ नये.

होडी उलटली तर तिला धरून राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेला माणूस प्रवाहाने थकतो, आणि पाण्यातले एकटे डोके लाँचवाल्याला दिसत नाही; पालथी होडी दुरून दिसते. सगळ्यांची मोजदाद करावी, पोहता न येणाऱ्याला नाळेशी धरून ठेवावे आणि शिटी वाजवावी. अंधारात बाहेर असाल तर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी हाताशी असावी आणि समोरून येणाऱ्या होडीला ती वेळेत दाखवावी.

नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावी, आणि खोली मोजताना चढणारी भरतीही धरावी. धक्क्याला बांधताना उलट बाजूची चूक होते: भरतीला आखूड बांधलेली होडी ओहोटीत दोरीला टांगली जाते किंवा धक्क्याखाली अडकून पाणी चढल्यावर बुडते. जागच्या पाण्याचा चढउतार धरून दोरी मोकळी ठेवावी.

निगा

खाऱ्या पाण्यात राहिलेल्या होडीच्या तळाला शिंपल्यासारखे जीव चिकटतात आणि लाकडात पोखरणारे किडे शिरतात. दर पंधरा दिवसांनी होडी ओढून, तळ खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन उन्हात सुकवली तर दोन्हींचा बंदोबस्त होतो. काही गावांत तळाखाली सुक्या झावळ्या पेटवून तो बाहेरून शेकतात. ही जुनी रीत किडे मारते, पण लाकूड जाळण्याचाही धोका असल्यामुळे जाणकार शेजारी असल्याशिवाय करू नये. सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठासून वरून राळ-तेलाचे मिश्रण भरण्याचे काम सुताराकडून करून घ्यावे. बाहेरून काजूच्या टरफलाचे तेल लावतात; ते हाताला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालावेत.

पावसाळ्यात होडी काठापासून उंच, उधाणाचे पाणी पोचणार नाही अशा जागी ओंडक्यांवर पालथी ठेवावी आणि वर झावळ्यांचे आच्छादन करावे. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळल्यास आत वाफ धरते आणि लाकूड कुजते. वल्ही भिंतीला टेकवून ठेवली तर दांडे वाकतात, ती आढ्याला आडवी बांधावीत. पाऊस संपल्यावर लाकडी होडी एकदम कामावर नेऊ नये. सुकून आक्रसलेल्या फळ्यांतून पहिल्या दिवशी पाणी येणारच. तिला काठाशी उथळ पाण्यात बांधून, लागलाच तर तळाशी थोडा वजनाचा दगड ठेवून, दोन-तीन दिवस भिजू द्यावी, फळ्या फुगून फटी मिटल्या की पाणी उपसून टाकावे, आणि एक पूर्ण रात्र उलटल्यावरही तळ कोरडा राहिला तरच माणसे बसवावीत.